पाण्याचा खेळ आणि सांडलवंड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या पाळणाघरात दीड ते अडीच वर्षांची मुलं आहेत. पाण्याचा खेळ मांडला की थोड्याच वेळात फरशी ओली, कपडे ओले आणि टबावरून ओढाओढी. पालक विचारतात, यातून मुलं शिकतात तरी काय? हा खेळ बंद करावा का?

उत्तर : अजिबात नको. बरीचशी सांडलवंड मुलांमुळे नाही, भांड्यांमुळे होते. ओतायच्या जगमध्ये अर्धा लिटर पाणी असेल तर ते वजन इवल्याशा मनगटाला पेलत नाही. जग एकदा कलंडला की सावरता येत नाही. चोच असलेला १५० ते २०० मिलीचा जग घ्या आणि अर्धाच भरा. ज्यात ओतायचं तो पेला मात्र जगापेक्षा मोठा, पसरट तोंडाचा आणि बुडाला जड हवा. या वयाचं मूल पेला भरत आला म्हणून थांबत नाही. त्याची नजर पडणाऱ्या धारेवर असते, पेल्यातल्या पातळीवर नाही. सगळं ओतूनही पेला भरणार नाही अशी जोडी ठेवा.

टबात ४-५ सेंटिमीटर पाणी पुरे. एका टबाशी दोन, फार तर तीन मुलं, आणि प्रत्येकाला अगदी सारखा जग, सारखा पेला. या वयात मुलं बहुतेक वेळ शेजारी शेजारी खेळतात. वाटून घेणं त्यांना अजून जमत नाही. तिघांत एकच लाल जग ठेवला, तर भांडण आपणच मांडलं असं समजा. मुठीत मावेल असा स्पंजही ठेवा. पुसणं, पिळणं हाही खेळच, आणि त्यात बोटांना चांगला जोर लावावा लागतो.

शिकणं दिसतं ते हातांत. आधी मूल खांद्यापासून अख्खा हात उचलून ओततं. मग कधीतरी एक हात पेला धरून ठेवतो आणि दुसरा ओततो. दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं ही मोठी पायरी आहे. पुढे बटण लावताना, बाटलीचं झाकण फिरवताना हेच लागतं. नंतर मनगट वळू लागतं, धार बारीक होते. पालकांना ‘आज पाण्यात खेळली’ एवढंच सांगू नका. ‘आज तिने दुसऱ्या हाताने पेला धरला’ असं सांगा. ‘रिकामा’, ‘भरला’, ‘जड’ हे शब्द ओतणं चालू असतानाच बोला, पण एखाद-दुसराच. सतत बोललात तर मूल हातातलं काम सोडून तुमच्याकडेच बघत बसतं.

इतक्या उथळ पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. फोन वाजला तरी उठायचं नाही. खेळ संपताच टब रिकामा करून पालथा घाला.

प्रश्न : मणी, बिया या वाटीतून त्या वाटीत टाकायला दिल्या तर चालेल का?

उत्तर : तीन वर्षांपर्यंत नको. सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू घशात अडकू शकते. खेळण्यांच्या चाचणीत हेच माप धरतात. घरी टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत वस्तू टाकून बघा, आत गेली तर देऊ नका. बिया नाकात-कानातही जातात आणि ओल लागून फुगतात. त्याऐवजी बरण्यांची मोठी झाकणं आणि वरून लांबट फट पाडलेला डबा द्या. झाकण उभं धरलं तरच आत जातं, आडवं अडकतं. ते फिरवून बघायला मूल कितीही वेळ घेवो, तुम्ही हात लावू नका. फटीच्या कडा तेवढ्या आधी चिकटपट्टीने झाकून घ्या.