वापरलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही भरवशाची आहे की नाही, हे घेण्याआधी कसं ओळखायचं? कमी चाललेली घ्यावी की जास्त?

तुम्ही दोन गाड्या समोर ठेवल्या आहेत. एक चार वर्षांची, 28 हजार किलोमीटर चाललेली डिझेल. दुसरी सहा वर्षांची, 95 हजार चाललेली पेट्रोल, सगळी बिलं जपलेली. विचारलंय की यातली भरवशाची कोणती आणि एकूणच कोणत्या कंपनीची गाडी डोळे झाकून घ्यावी. डोळे झाकून कुठलीच घेऊ नका. आणि मीटर बघून पहिली गाडी जवळजवळ पक्की केली असेल, तर तिचे पैसे देण्याआधी हे वाचा. याच मुद्द्यावरून आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबेल.

मी गाड्यांच्या एका ताफ्याची देखभाल बघते. कुठली गाडी कधी सर्व्हिसला गेली, काय बदललं, काय पुन्हा बिघडलं, हे सगळं माझ्या नोंदीत असतं. वर्षानुवर्षं हे पाहिल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगते: गाडी किती चालली यापेक्षा कशी चालली हे महत्त्वाचं. लांबच्या रस्त्यावर रोज तासन्तास धावणाऱ्या आमच्या गाड्यांची इंजिनं मीटर दोन लाखांच्या पुढे गेल्यावरही कुरकुर करत नाहीत. उलट दिवसातून चारदा दोन-दोन किलोमीटर फिरून उभ्या राहणाऱ्या गाड्या, मीटरवर आकडा अगदी कोवळा असतानाही, माझ्याकडे परत परत येतात.

आम्ही गाडी शोधत होतो त्याच सुमारास माझे धाकटे दीरही शोधत होते. त्यांना एक डिझेल एसयूव्ही आवडली. रंग चकचकीत, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अर्धवट तसंच, मीटर अगदी कमी. मी सोबत गेले. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला, तर बॉनेट गरम. आम्ही येणार हे मालकाला माहीत होतं, तरी गाडी तापवून ठेवलेली, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना काय होतं ते बघायची सोयच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "धुवून आणली आत्ताच." मग डिपस्टिक काढली. इंजिन नुकतंच बंद केलेलं असताना ऑइल अजून वरच्या भागांतून खाली उतरत असतं, म्हणजे पातळी थोडी कमीच दिसायला हवी. इथे ती वरच्या खुणेच्याही वर होती आणि ऑइलला डिझेलचा वास येत होता. मालक म्हणाला, "ऑइल भरपूर आहे, चांगलंच आहे ना!"

चांगलं अजिबात नसतं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी तिथलं तापमान 600 अंशांच्या आसपास जावं लागतं. गाडी लांब पळाली तर हे काम चालता चालता होतं. दोन किलोमीटरवर इंजिन बंद होत असेल तर ते दर वेळी अर्धवट राहतं. फिल्टर तापवण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं. ते जळलं नाही की सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पातळी वाढते, आणि त्या पातळ ऑइलवर टर्बोपासून बेअरिंगपर्यंत सगळं झिजत राहतं. मीटर मात्र कमीच दाखवतो, कारण गाडी खरोखरच कमी चाललेली असते. त्यात कोणी फसवलेलंही नसतं.

मग मी माझा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी (एरर) वाचणारं यंत्र, लावला. तुमच्यासाठी इथे एक कामाची गोष्ट आहे. स्कॅनर लावून "एकही एरर नाही" असं दाखवणं सोपं असतं, कारण एरर पुसता येतात. एरर पुसून किती किलोमीटर झाले, हा आकडा मात्र बहुतेक गाड्यांच्या संगणकात वेगळा राहतो आणि साधा स्कॅनरही तो वाचतो. शिवाय एरर पुसल्या की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला वेळ लागतो. त्या गाडीत निम्म्या तपासण्या अपूर्ण होत्या आणि एरर पुसल्यापासूनचं अंतर जवळजवळ काहीच नव्हतं. म्हणजे आम्ही येण्याच्या थोडंच आधी कोणीतरी एरर पुसून डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा घालवला होता.

बॉनेट, ऑइल आणि स्कॅनर, या तिन्ही गोष्टी मी दीरांना तिथेच बाजूला घेऊन सांगितल्या. ते म्हणाले, "वहिनी, मीटर बघा ना. गाडी नवीच आहे. तुम्हाला कामामुळे सगळीकडे बिघाडच दिसतात." आणि गाडी घेतली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. फिल्टरचा दिवा लागला, गाडी उचलेना. वर्कशॉपमध्ये जबरदस्तीने काजळी जाळून दिली, ऑइल बदललं. पुन्हा तेच. शेवटी अख्खा फिल्टर बदलावा लागला. पण मला जे लागलं ते पुढचं आहे. दीर आजही चारचौघांत सांगतात की ती कंपनीच बेकार आहे. आणि आमची, त्यांच्या गाडीच्या दुपटीहून जास्त चाललेली, एकाच मालकाची, प्रत्येक सर्व्हिसचं बिल जपलेली पेट्रोल गाडी विनातक्रार चालते, त्याला ते "वहिनींचं नशीब" म्हणतात. ते नशीब नाही. आम्ही त्या मालकाला गाडी आदल्या रात्रीपासून हलवू नका असं सांगितलं होतं. सकाळी थंड इंजिन माझ्यासमोर सुरू करायला लावलं. पहिल्या काही सेकंदांत टायमिंग चेनचा (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीचा) खडखडाट येतो का ते ऐकलं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते पाहिलं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. सुरुवातीची पांढरी वाफ ठीक, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंटची शंका घ्यायची. मग बिलांवरचे किलोमीटर आणि तारखा एकमेकांशी जुळवल्या. नशिबासाठी इतकं कोणी करत नाही.

आता कंपनीबद्दल. दीरांच्या गाडीचंच मॉडेल, त्याच इंजिनाचं, आमच्या ताफ्यात लांबच्या फेऱ्यांवर आहे आणि त्याच्या फिल्टरला कधी हात लावावा लागलेला नाही. तेव्हा कंपनीचं नाव विचारणं सोडा. विचारायचं ते कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स आणि कोणत्या वर्षीचं मॉडेल. टोयोटाचं नाव भरवशासाठी घेतात आणि ते बऱ्याच अंशी रास्तही आहे. तरी 2006 ते 2008 च्या राव्ह4 मधलं 2.4 लिटरचं पेट्रोल इंजिन ऑइल खायचं, आणि टोयोटाला वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून द्याव्या लागल्या. होंडा सीआर-व्हीच्या 1.5 लिटर टर्बोमध्ये थंड हवेत, छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत होतं. 2018 मध्ये चीनमध्ये त्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बघा, पेट्रोल असूनही तोच छोट्या फेऱ्यांचा त्रास. निसानने 2014 ते 2018 च्या रोग (Rogue) या एसयूव्हीच्या सीव्हीटी गिअरबॉक्सची (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकची) वॉरंटी अमेरिकेत 84 महिने किंवा 84 हजार मैलांपर्यंत वाढवली. प्यूजोच्या 2008 आणि 3008 नावाच्या मॉडेलांत आलेल्या सुरुवातीच्या 1.2 लिटर प्युअरटेक इंजिनाचा टायमिंग बेल्ट (साखळीच्या जागी असलेला पट्टा) ऑइलमध्ये भिजलेला असतो. तो झिजला की त्याचे कण ऑइलच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल मिळेनासं होतं. याच सगळ्या कंपन्यांची दुसऱ्या वर्षांची, दुसऱ्या इंजिनांची मॉडेलं उत्तम चालतात.

विश्वासार्हतेच्या ज्या याद्या छापून येतात त्यांच्याबद्दलही एक सांगते, कारण दीर मला तेव्हा यादीच दाखवत होते. जे. डी. पॉवरचा टिकाऊपणाचा अभ्यास साधारण तीन वर्षांच्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना विचारून होतो आणि दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी हे मोजतो. त्यात फोन ब्लूटूथला जोडला गेला नाही हीसुद्धा एक तक्रार आणि गिअरबॉक्स गेला हीसुद्धा एकच. सहा-सात वर्षांची गाडी घेणाऱ्याला त्यातून इंजिनाबद्दल फारसं कळत नाही. नेमकं कुठलं वर्ष टाळायचं हे शोधायला अशा याद्या वापरा. गाडी निवडायला वापरू नका.

गिअरबॉक्सची चाचणी मात्र चुकवू नका, कारण इंजिनानंतर सगळ्यात मोठा खर्च तिथेच असतो. सीव्हीटी असेल तर अर्धा तास तरी चालवून तापू द्या, मग चढावर हळूहळू वेग वाढवताना थरथर किंवा गुणगुण येते का बघा. ड्राय ड्युअल क्लच (दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक) असेल तर गर्दीत सरकताना हिसके बसतात का ते पाहा, रिकाम्या रस्त्यावर तो गोड वागतो. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मेकचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या कपलिंगवर सतत ताण येतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. मीटर 28 हजार आणि टायर मात्र गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे असतील तर कारण विचारा. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कडा, ड्रायव्हर सीटची बाहेरची बाजू, ही मीटरशी जुळतात का तेही बघा. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाशी मातीची रेघ राहते. तिथपर्यंत कोणी धूत नाही.

तर तुमच्या दोन गाड्यांपैकी मी 95 हजारवाली आधी बघेन. बिलं खरी निघाली, थंड इंजिन स्वच्छ सुरू झालं, तर तीच घेईन. 28 हजारवाल्या डिझेलच्या मालकाला विचारा की गाडी रोज कुठे जायची. "घर ते ऑफिस, जवळच आहे" हे उत्तर आलं तर तिथेच विषय संपवा, मग रंग कितीही चमकत असो.

एक मात्र नमूद करते, नाहीतर दीर म्हणतील की वहिनी एकांगी लिहितात. कमी चाललेली प्रत्येक गाडी खराब नसते. महिन्यातून दोन-तीनदा लांब नेलेली, किलोमीटर भरले नाहीत तरी दर वर्षी ऑइल बदललेली गाडी असेल तर ती आनंदाने घ्या. आणि जास्त चाललेल्या गाडीची बिलंच नसतील तर माझा सगळा युक्तिवाद तिला लागू होत नाही. तुमची स्वतःची फिरती छोटी असेल तर कितीही चांगली डिझेल गाडी घेतलीत तरी वर्षभरात तुम्ही तिचं तेच करून ठेवाल. दीरांच्या नव्या फिल्टरचाही दिवा आता लागायला लागलाय, आणि त्यांचं ऑफिस घरापासून तीन किलोमीटरवर आहे. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं, कंपनीच बेकार."