जुना लोकरी लेडीज कोट बेळगावच्या पावसाळ्यात कसा टिकवायचा?

1950च्या आसपासचा विलायती लोकरी कोट ऑनलाइन घेतला असेल, तर त्याची काळजी मे महिन्यातच घ्यायला लागा. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरकडच्या दमट हवेत बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. कसर आधी घाम नि तेलकटपणा मुरलेल्या जागा धरते: कॉलरची खालची बाजू, काख, खिशाचा तळ. तिथं मऊ ब्रश मारा, कोट सावलीत वाऱ्यावर ठेवा (कडक उन्हात रंग उडतो) आणि ड्रायक्लीन करून घ्या. घरी पाण्यात बुडवू नका. रेयॉनचं अस्तर ओलं झालं की कमकुवत होतं आणि आतलं कॅनव्हास (कोटाला आकार देणारं जाड कापड) आकसून पुढची बाजू फुगते, ती इस्त्रीनंही बसत नाही.

कसरीची शंका असेल तर हवा काढून पिशवीत घट्ट बांधा, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरतं. डांबरगोळ्या टाळाच, काही जुनी प्लास्टिकची बटणं त्यांनी चिकट होतात.

ठेवताना रुंद खांद्याचं हँगर आणि सुती कव्हर. प्लास्टिकचं नको, ओल आत कोंडते.

खरेदीआधी ब्रिटिश कोटात सीसी41 (CC41) शिक्का पाहा: ही ब्रिटिश सरकारच्या युद्धकाळातल्या ‘युटिलिटी’ कपड्यांची खूण, 1941 ते 1952 मधली. लेबलावरच्या साइझवर विसंबू नका, त्या काळचा 12 आजच्यापेक्षा लहान असतो; छातीचं माप मागवा. साडीवर घालायचा असेल तर रॅगलन बाह्यांचा (शिवण गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी), घेरदार कोट बघा. कमरेत बसणाऱ्या कोटात निऱ्या चुरगळतात.