पहिल्यांदा बोलताना

गोव्यात फोंड्यातल्या मुलांसमोर तुला मुलगे आवडतात हे पहिल्यांदा कसं सांगू, असं विचारलंस. सगळं एकदम सांगायची गरज नाही रे. मी ताईला सांगितलं ते रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत. इंजिनाच्या घरघरीत 'मला मुलगे आवडतात' एवढंच बोललो. तिने कठड्यावरचा माझा हात धरला, तो धक्का येईपर्यंत सोडला नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. घरची भीती मात्र निकालाने जात नाही. म्हणून त्या मुलांसमोर उभं राहण्याआधी तुझं राहणं-शिक्षण कुणाच्या हातात आहे ते बघ. बोलताना तुझ्या जुन्या मित्राचं नाव घेऊ नकोस, ते गुपित त्याचं. नंतर एखादा मुलगा मागे रेंगाळला, तर त्याच्याजवळ बस. रात्री जड वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, नाहीतर मला.