किटुईला निघण्याआधी

केनियातल्या किटुई भागातल्या खेड्यात संगणक शिकवायला निघाली आहेस, तर पहिले दोन दिवस संगणक उघडूच नकोस. लोकांच्या हातातला फोन बघ. एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सेवा, तिथे 2007 पासून आहे. बटणांच्या साध्या फोनवरून पैसे पाठवणाऱ्या बाईला ‘काही येत नाही’ असं धरून चालू नकोस. माझ्या वर्गातल्या एका मावशींचा हात माउसवर थरथरायचा, पण पिन टाकताना फोन बरोबर लेसोच्या (अंगावर गुंडाळायच्या कापडाच्या) आड जायचा. पासवर्ड का जपायचा, हे त्यांना सांगावंच लागलं नाही.

नेटच्या भरवशावर राहू नकोस. कोलिब्री या शिकण्याच्या सॉफ्टवेअरवरचे धडे नैरोबीतच लॅपटॉपवर उतरवून घे, ते पुढे नेटशिवाय चालतात.

आणि एक कळकळीने सांगते, पोरांना लगेच ऑनलाइन नोकरीची स्वप्नं दाखवू नकोस. आधी ई-सिटिझन या सरकारी संकेतस्थळावरचे अर्ज, केआरए पिन (तिथला करदात्याचा नंबर), नीट टाइप केलेला बायोडेटा एवढं पक्कं करून घे. बाजाराच्या गावात ‘सायबर’वाले, म्हणजे सायबर कॅफेवाले, याच कामाचे पैसे घेतात, म्हणजे कमाई तिथल्या तिथे सुरू होऊ शकते.

स्वाहिली थोडी शीकच, पण किटुईत घरोघरी कांबा बोलतात. निदान नमस्कार तरी कांबात कर.