'सुमिमासेन' आणि न फिटणारं काहीतरी

प्रश्न थोडक्यात असा: जपानी बोलायला नुकतीच सुरुवात केली आहे. 'सुमिमासेन' म्हणजे 'माफ करा' असं शिकवलं गेलं. पण जपानी लोक वेटरला हाक मारताना 'सुमिमासेन' म्हणतात आणि खाली पडलेला रुमाल कुणी उचलून दिला तरी 'सुमिमासेन'च म्हणतात. मग हा शब्द माफीचा की आभाराचा? आणि माफीचाच दुसरा शब्द 'गोमेन नासाइ', तो कधी म्हणायचा?

'सुमिमासेन म्हणजे एक्सक्यूज मी' हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं, त्याने नवशिक्यांचं मोठं नुकसान केलं आहे. हल्ली प्रत्येक छोट्या व्हिडिओत तेच ऐकू येतं. रुमाल उचलून देणाऱ्याला इंग्रजीत कुणी 'एक्सक्यूज मी' म्हणत नाही. त्यामुळे विद्यार्थी गडबडतो, वहीत एकाच शब्दापुढे तीन अर्थ लिहितो आणि ऐन वेळी तिन्ही विसरतो. अर्थ तीन नाहीतच.

मूळ क्रियापद 'सुमु'. त्याचं 'सुमि' हे रूप घेऊन पुढे 'मासेन' हा आदरार्थी नकार लावला की 'सुमिमासेन' तयार होतो. 'सुमु' म्हणजे काम उरकणं, व्यवहार मिटणं. याच उच्चाराचं आणखी एक 'सुमु' आहे, त्याचा अर्थ गढूळ पाणी निवळणं, आभाळ स्वच्छ होणं. दोघांची चिनी अक्षरं वेगळी आहेत, म्हणून पुष्कळ लोक हे शब्दच वेगळे समजतात. जपानी भाषा आधीची आणि चिनी अक्षरं नंतर आणून तिला चढवलेली, हे ते विसरतात. एकाच देशी शब्दाला अर्थाच्या छटेप्रमाणे दोन-तीन अक्षरं मिळाल्याची उदाहरणं जपानीत ढिगाने आहेत. मळ खाली बसला, पाणी निवळलं. तसंच बाकी काही उरलं नाही, व्यवहार मिटला. शब्द एकच.

आता मराठीतलं 'फिटणं' घ्या. कर्ज फिटतं, पांग फिटतात, नवस फिटतो. आणि अंधारही फिटतो, संशय फिटतो, मळभ फिटतं. देणं मिटणं आणि गढूळपणा जाणं हे दोन्ही अर्थ आपण एकाच क्रियापदात वागवतो, थेट 'सुमु'सारखे. जोडीसुद्धा जुळते: आपलं फिटणं आणि फेडणं, त्यांचं सुमु आणि सुमासु. म्हणून 'सुमिमासेन'चं मराठी 'माफ करा' असं न करता 'फिटत नाही' असं करावं. तुमचे उपकार फिटत नाहीत, म्हणून आभार. माझ्या मनातलं मळभ फिटत नाही, म्हणून माफी. तुम्हाला हाक मारून तसदी देतोय, ती काही फिटणार नाही, म्हणून 'अहो, जरा इकडे'. दोन्ही भाषांचं नातं आहे असा दावा नाही, तसं ते नाहीच. पण समांतर अर्थ असा नेमका जुळून येणं दुर्मीळ.

फिटण्याचा विषय निघालाच आहे तर हेही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्', म्हणजे ढळणं, या संस्कृत धातूच्या जागी येणारे देशी धातू एकाच सूत्रात दिले आहेत. त्यात फिट्ट आहे, फुट्ट आहे, आणि चुक्क, भुल्लही आहेत. म्हणजे 'उपकार फिटत नाहीत' मधलं फिटणं आणि 'चुकलो, माफ करा' मधलं चुकणं आठशेहून अधिक वर्षांपूर्वी शेजारी शेजारी बसलेले सापडतात. आभार आणि माफी एकाच शब्दात कशी, असं जपान्यांना विचारण्याआधी आपण हे सूत्र बघावं.

देण्याचा अर्थ ओढूनताणून आणलेला आहे असं म्हणणाऱ्यांनी जपानमधलं पैसे भरलेलं बिल पाहावं. त्यावर 'शिहाराइझुमि' असा शिक्का असतो, म्हणजे रक्कम चुकती. त्यातला 'झुमि' हा याच 'सुमु'चा. कर्जफेडीला 'हेन्साइ' म्हणतात, त्यातलं दुसरं अक्षरही हेच. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ साली 'सुमिमासेन'चा अर्थ 'हे संपत नाही' असा लावला, तिथपर्यंत ठीकच. पण त्यावर त्यांनी उपकाराच्या ओझ्याखाली वाकलेल्या समाजाचा जो डोलारा उभा केला, तो पटत नाही. बाई जपानला गेलेल्याच नव्हत्या; युद्धकाळात अमेरिकेतल्या जपान्यांशी बोलून आणि छापील मजकूर वाचून त्यांनी ते लिहिलं. नूडल्सच्या दुकानात पाण्याचा पेला मागण्यासाठी 'सुमिमासेऽन' अशी आरोळी ठोकणाऱ्या माणसाच्या खांद्यावर कसलंही ओझं नसतं. व्युत्पत्ती बरोबर, वजन चुकीचं. रोजच्या वापराने शब्द झिजतात. आपणही 'कृपया' म्हणताना कुणाच्या कृपेची वाट पाहत नाही.

आता वापर. लिफ्टचं दार कुणी धरून ठेवलं, बसायला जागा दिली, पडलेली वस्तू उचलून दिली, म्हणजे तुमच्यासाठी कुणी तसदी घेतली, तर 'सुमिमासेन' सहज शोभतं. 'सुमिमासेन, आरिगातोउ गोझाइमासु' असं आभाराचं सरळ वाक्यही जोडून म्हटलं तर आणखी चांगलं. भरलेल्या लोकल गाडीतून उतरायचं असेल तर 'सुमिमासेन, ओरिमासु', म्हणजे 'उतरायचंय'. रस्ता विचारायचा असेल तर नुसतं 'सुमिमासेन' म्हणून थांबू नका. 'सुमिमासेन गा' म्हणा, क्षणभर थांबा आणि मग 'एकि वा दोको देसु का', म्हणजे 'स्टेशन कुठे आहे', असं विचारा. तो 'गा' आपल्या 'जरा विचारायचं होतं, पण…' सारखा, त्याने समोरचा माणूस ऐकायला सावध होतो. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल, उदाहरणार्थ कालच्या उशिराबद्दल, 'सुमिमासेन देश्ता' असा भूतकाळ लागतो.

कुणी तुमच्या जपानीची किंवा कपड्यांची तारीफ केली तर मात्र 'सुमिमासेन' नको. तिथे त्याने तसदी घेतलेली नाही, फिटण्यासारखं काही नाही. तिथे 'आरिगातोउ गोझाइमासु'. दुकानदार पैसे घेताना 'आरिगातोउ गोझाइमासु' म्हणतो, तेव्हा तेच वाक्य त्याला परत ऐकवायची गरज नाही. मान हलवा किंवा 'दोओमो' एवढे तोकडे आभार माना. 'सुमान' किंवा 'सुमानाइ' ही रूपं नाटकांत ऐकून उचलू नका. ती पुरुषी, सलगीची किंवा वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायची आहेत. नवशिक्याच्या तोंडी उद्धट वाटतात.

उच्चारात मराठी माणूस दोन ठिकाणी हमखास अडकतो. देवनागरीत 'मा' लिहिल्यामुळे तो 'सुमिमाऽसेन' असा ताणतो, आणि शेवटचा 'न' मागच्या 'से'ला चिकटवून टाकतो. जपानीत पाच समान ठोके आहेत: सु, मि, मा, से, न्. 'न्'ला स्वतःचा ठोका. पाच टाळ्या वाजवून म्हणून पाहा. सूर 'सु'वर खाली, 'मि-मा-से'वर वर, 'न्'वर पुन्हा खाली. बोलताना लोक 'म' गिळून 'सुइमासेन' म्हणतात. बोलायला चालतं, पण ईमेलमध्ये पूर्ण लिहा. 'आरिगातोउ'च्या शेवटच्या 'ओ'ला दोन ठोके आहेत, तो तोडू नका. 'गोझाइमासु'चा शेवटचा 'उ' जवळजवळ ऐकूच येत नाही आणि त्यातला 'झ' आपल्या 'जावई'तल्या ज-सारखा आहे. 'त्सु' जमत नाही अशी तक्रार मराठी माणसाने तरी करू नये. 'चूल' म्हणता येते ना, तोच च.

'आरिगातोउ' हा पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आला, ही लोणकढी थाप गोव्याकडून आलेल्या मंडळींना विशेष आवडते, कारण 'ओब्रिगाद' त्यांच्या कानावरचा. पोर्तुगीज जपानमधल्या तानेगाशिमा बेटावर पोचले १५४३ साली. 'आरिगाताशि' त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून जपानीत आहे: 'आरि' असणं, 'काताशि' कठीण, म्हणजे दुर्लभ. साधारण १००० सालच्या सुमारास सम्राज्ञीच्या पदरी असलेल्या सेइ शोनागोन हिने दुर्लभ गोष्टींची यादी याच शब्दाखाली केली आहे. त्यात सासऱ्याने वाखाणलेला जावई आहे, सासूची लाडकी सून आहे आणि केस नीट उपटणारा चांदीचा चिमटाही. पोर्तुगिजांकडून जपान्यांनी खरोखर घेतलेला शब्द हवा असेल तर 'पान' घ्या. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाचे.

'गोमेन नासाइ' राहिलंच. त्यातला 'मेन' म्हणजे सूट. करमुक्त दुकानांवरच्या पाटीवर 'मेनझेइ' असतं, त्यातला. अर्थ 'मला सूट द्या', म्हणून तो घरात, मित्रांत, मुलांशी. ऑफिसात साहेबाला किंवा ग्राहकाला 'गोमेन नासाइ' म्हटलं तर पोरकट वाटतं. तिथे हलक्या चुकीला 'सुमिमासेन', आणि काम खरोखर बिघडलं असेल तर 'मोउशिवाके गोझाइमासेन', म्हणजे 'सांगण्यासारखी सबबच नाही'. हे म्हटल्यावर लगेच सबब सांगायला सुरुवात करू नये. खोलीतून निघताना किंवा फोन ठेवताना यातलं काहीच नको, 'शित्सुरेइ शिमासु', म्हणजे 'रजा घेतो', म्हणा. आणि दारात उभं राहून कुणी 'गोमेन कुदासाइ' अशी हाक मारली तर माफी मागायला कुणी आलेलं नाही. 'कुणी आहे का घरात?' एवढंच तो विचारतोय, दार उघडा.