व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये फरक काय? एकाने विभवांतर (दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक) मोजतात आणि दुसऱ्याने ऊर्जा, असं कसं?

व्होल्ट म्हणजे ऊर्जा नाही. दर कूलोममागे (कूलोम म्हणजे चार्जचं, विद्युतभाराचं माप) किती ज्यूल ऊर्जा, एवढंच तो सांगतो. चार्ज किती सरकला हे माहीत नसेल तर नुसत्या व्होल्टवरून ऊर्जा निघत नाही, आणि हे न कळणाऱ्या लोकांमुळे मी ऐरोलीत दर महिन्याला जादा पैसे भरतोय म्हणून लिहायला बसलो.

आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये स्कूटर चार्जिंगचे पॉइंट दिले, सब-मीटरचा खर्च नको म्हणून सेक्रेटरींनी फ्लॅट रेट काढला, आणि तो कशावर तर स्कूटरच्या व्होल्टवर! ४८ व्होल्टवाल्याला कमी, ६० व्होल्टवाल्याला जास्त. माझी बॅटरी ६० व्होल्ट, २० अँपिअर-अवर, गुणाकार केला की १२०० वॉट-अवर. बी विंगमधल्या एकाची ४८ व्होल्ट पण ३० अँपिअर-अवर, म्हणजे १४४०. वीजबिलाच्या हिशोबात मी १.२ युनिट, तो १.४४. वीज तो जास्त खाणार आणि पैसे मी जास्त देणार. मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की काका, एक अँपिअर-अवर म्हणजे ३६०० कूलोम, त्याला व्होल्टने गुणलं की ज्यूल येतात, आणि असे ३६ लाख ज्यूल झाले की एक युनिट. तर म्हणे, "जास्त व्होल्ट म्हणजे जास्त करंट, शेंबड्या पोराला पण कळतं." सगळे हसले. अहो, कोरड्या हवेत नायलॉनचा शर्ट काढताना चटचट ठिणग्या उडतात त्या हजारो व्होल्टच्या असतात, चार्ज नगण्य म्हणून आपण जिवंत आहोत, त्याचं बिल कोणाच्या नावावर फाडणार?

हां, इलेक्ट्रॉनव्होल्ट. तिथे चार्ज आधीच ठरवून टाकलाय, एका इलेक्ट्रॉनएवढा, १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम. तो १ व्होल्टच्या फरकातून गेला की मिळणारी ऊर्जा १ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे १.६०२ × १०⁻¹⁹ ज्यूल. अल्फा कणावर (म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्रावर) चार्ज दुप्पट, त्याला त्याच १ व्होल्टमध्ये २ इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. बघायचं असेल तर एलईडी घ्या, लाल साधारण २ व्होल्टवर पेटतो, निळ्याला ३ च्या आसपास लागतात, कारण निळ्या प्रकाशाच्या एका फोटॉनलाच (प्रकाशाच्या एका कणाला) पावणेतीनच्या आसपास इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, लालला दोनेक.

आता, वरचे आकडे बॅटरीवर छापलेले आहेत. बॅटरी उतरते तसा व्होल्टेजही उतरतो, चार्जरमध्ये थोडी वीज नुसती गरम होऊन जाते, त्यामुळे सॉकेटमधून थोडी जास्तच घेतली जाते, आणि मी काही रोज पूर्ण रिकामी करत नाही. पण तोही नाही करत ना! तुमच्याकडे असला रेट कोणी काढत असेल तर सही करू नका, सरळ सब-मीटर मागा. मी सप्टेंबरच्या एजीएमसाठी लेखी पत्र दिलंय, गुणाकारासकट.