दूध, चांदणं आणि विरजण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ६० जणांचं मसाला दूध असतं. चंद्रकिरण पडावेत म्हणून पातेलं दोन-तीन तास उघडं ठेवतात. हे चालतं का? (पुणे)

चांदण्यानं दुधाचं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. पौर्णिमेचा उजेड उन्हापेक्षा काही लाख पटींनी मंद असतो, त्यानं जंतू मरत नाहीत. खरी अडचण आहे दूध कोमट राहण्याची. उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात, पण बॅसिलस गटातल्या काहींचे बीजाणू त्या उष्णतेतही तग धरून असतात. दूध ६० अंशांच्या खाली उतरलं की त्यांना संधी मिळते, आणि तिशी-चाळिशीत तर त्यांची चंगळच. मोठं पातेलं मध्यभागी कितीतरी वेळ कोमट राहतं. त्यातच बदाम-पिस्त्याची पूड बहुतेक घरी गॅस बंद केल्यावर पडते, म्हणजे नवे पाहुणेही आलेच.

तेव्हा वाटीभर दूध चंद्राला दाखवा, त्यात त्याचं प्रतिबिंबही बघा. बाकीचं पातेलं झाकून, वाफा येत राहतील अशा मंद आचेवर ठेवा. गार दूध हवं असेल तर संध्याकाळीच आटवून, बर्फाच्या पाण्याच्या टबात पातेलं बसवून ढवळत गार करा आणि लगेच फ्रीजमध्ये टाका. गच्चीवर तासन्‌तास राहिलेल्या दुधाची दुसऱ्या दिवशी बासुंदी करण्याचा मोह मात्र टाळा. यातले काही जंतू जे विष तयार करतात, ते पुन्हा उकळूनही जात नाही.

प्रश्न: मासे केले की त्या दिवशी सासूबाई कुणाला दूध घेऊ देत नाहीत. कोड उठतं म्हणतात. (मालवण)

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते, तेव्हा कोड होतं. त्याचा ताटातल्या जोडीशी संबंध नाही. आयुर्वेदानं मासे आणि दूध विरुद्ध आहारात घातले आहेत, समज तिथून रुजला असावा. बंगाली माणूस दह्यात मासे शिजवतो, फिनलंडमध्ये सॅमनचं सूप दूध-मलई घालून करतात. माशांची ॲलर्जी असणं किंवा दूध न पचणं या वेगळ्या गोष्टी. सासूबाईंशी एका पेल्यासाठी भांडू नका. पण कोड असलेल्या माणसाला ‘तूच काहीतरी खाल्लं असशील’ असं कुणी सुनावत असेल, तर तिथे जरूर भांडा.

प्रश्न: पिशवीचं दूध उकळावं का? आमच्याकडे दिवसातून चार वेळा उकळतं. (ठाणे)

डेअरीत ते ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून झटकन थंड केलेलं असतं. तिथून घरापर्यंत गारच राहिलं तर उकळायची गरज नाही. पण पहाटे दुकानाबाहेर फुटपाथवर तिष्ठणारे क्रेट आपण सगळेच पाहतो. म्हणून एकदा उकळा. चार वेळा कशाला? कॅल्शियम जात नाही, पण बी-१२ आणि फोलेट दर खेपेला थोडं थोडं घटतं, शिवाय प्रत्येक वेळी अख्खं पातेलं गरम होऊन पुन्हा सावकाश निवतं. लागेल तेवढंच वेगळं काढून तापवा. पातेलं फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको, आणि कालच्या दुधात आजचं ओतू नका.

टेट्रापॅकमध्ये ‘औषध’ घालतात ही निव्वळ अफवा. ते दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरतात, म्हणून बाहेर टिकतं. एकदा फोडलं की त्याची जागा फ्रीजमध्ये.

प्रश्न: गावी गेलो की आजोबा सहा वर्षांच्या नातवाला धारोष्ण दूध पाजतात. ताकद येते म्हणे. (कराड)

नका पाजू देऊ. या पानावर मी सहसा इतकं ठाम बोलत नाही. गाय-म्हैस वरून धडधाकट दिसली तरी तिच्या दुधातून ब्रुसेलोसिस किंवा क्षयाचे जंतू येऊ शकतात. ब्रुसेलोसिसमध्ये ताप येतो-जातो, सांधे धरतात, घाम सुटतो आणि निदान व्हायला बरेचदा उशीर लागतो. सडातून निघालेलं दूध साधारण ३८ अंशांचं, म्हणजे कास, हात, बादली यांतून आलेल्या जंतूंना हवं तसंच. ‘आम्ही तेच पिऊन वाढलो’ असं आजोबा म्हणतील. जे वाढले नाहीत, ते सांगायला येत नाहीत. ताजं दूध तिथल्या तिथे उकळा आणि ते नातवाला आजोबांच्याच हातून द्या, म्हणजे मानही राहील.

प्रश्न: दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये आणि पितळेच्या भांड्यात दही लावू नये, या दोन्ही अंधश्रद्धाच ना? (नागपूर)

पहिली, हो. शेजारणीला खुशाल विरजण द्या. दुसरी नाही. दह्याच्या आंबटपणानं पितळेतलं तांबं आणि जस्त उतरतं, दही कळकतं आणि खाणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. म्हणून तर पितळेला आतून कथलाची कल्हई करत. ती उडाली असेल आणि कल्हईवाला मिळत नसेल, तर दही स्टीलच्या भांड्यात लावा.